पेनड्राइव्हला हळदकुंकू

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार
सकाळी ९२, संध्याकाळी ९१.

डॉक्टरांनी सांगितलंय, जाईच्या बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावायचं आणि ऑक्सिजनचा आकडा रोज दोन वेळा लिहून ठेवायचा. त्यासाठी ही डायरी काढली. कंपनीला माल पुरवणाऱ्या कुणीतरी जानेवारीत वाटली होती, तेव्हापासून कोरी पडून होती. दोन आकड्यांसाठी अख्खं पान वाया घालवणं जिवावर येतं, म्हणून खाली चार ओळी लिहितो. एकोणतीस वर्षं भट्ट्यांचे आकडे लिहिले, हाताला सवय आहे.

जाईची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. शनिवारी हॉस्पिटलने घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, "आता घरीच ठेवा. त्यांना आवडेल ते खायला द्या. जवळ कुणीतरी सतत असू द्या." म्हणजे उतार पडला असणार. बरं वाटत नसतं तर घरी सोडलं असतं का? दिशाला तिच्या आईबद्दल हे म्हटलं तर ती खिडकीबाहेर बघत राहिली. पोरगी लगेच घाबरते.

आता प्रश्न एवढाच की जवळ बसायचं कुणी. लेक भूगावला, तिची नोकरी, पदरात दीड वर्षाचं मूल. मी पिरंगुटच्या कारखान्यात. नोकरी सोडावी तर जाईचा विमा माझ्या नोकरीवरच आहे. नोकरी गेली की हॉस्पिटलचं दार बंद. निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

२१ ऑगस्ट, गुरुवार
९१, ९१.

तोड सापडली आहे. कुठे बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो.

आमचा जुना शेड मुख्य कारखान्यापासून लांब, उरवड्याच्या रस्त्याला आहे. तिथे रबराच्या सीलांच्या चार भट्ट्या आहेत आणि त्या सांभाळणारा एक म्हातारा कॉम्प्युटर. त्याची भाषा कळणारा माणूस कंपनीत मी एकटाच. हाताखाली गेणबा आणि दोन बिहारी पोरं. सकाळी आठला अंगठा लावायचा, जाताना लावायची पद्धत नाही. तासातासाला माझ्या नावाने आकडे भरले की मुख्य ऑफिसात कुणी विचारत नाही. साहेबलोक तिकडे फिरकतात ते वर्षातून दोनदा.

तो कॉम्प्युटर कुलूपबंद आहे. हेड ऑफिसच्या पासवर्डशिवाय त्यात नवीन काही टाकता येत नाही. पण लॉकडाऊनमध्ये दुरुस्तीला आलेल्या एका इंजिनिअरने मला एक युक्ती दाखवली होती. पेनड्राइव्हमध्ये एक प्रोग्राम असतो, तो कॉम्प्युटरमध्ये टाकावा लागत नाही, पेनड्राइव्हमधूनच चालतो. खोचला, चित्रावर दोनदा टिचकी मारली की पडद्यावर नऊ आकडी नंबर येतो. तो नंबर माझ्या लॅपटॉपवर घातला की शेडातला पडदा जसाच्या तसा माझ्यासमोर. इथे बाण हलवला की तिथे हलतो. पेनड्राइव्ह उपसला की मागे काही राहत नाही. पाहुण्याने यावं, चहा प्यावा आणि कप धुऊन ठेवून जावं तसं.

म्हणजे सकाळी अंगठा लावायचा, भट्ट्या लावून द्यायच्या, दहाला मोटरसायकल काढून अकराच्या आत आमच्या गावी, माल्याला घरी. पुढचा दिवस जाईपाशी बसून भट्ट्या चालवायच्या.

शेडाच्या भिंतीवर लाल अक्षरात पाटी आहे, बाहेरचा पेनड्राइव्ह लावणाऱ्यास कामावरून कमी केले जाईल. ती पाटी फेब्रुवारीत मीच चिकटवली.

गेणबाला आज सांगितलं. त्याने तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी तुमी घरी आन् बाण हितं?"

"हां."

"आन् वहिनींपाशी कोन?"

"मीच की. त्यासाठीच तर."

"मग ब्येस हाय," म्हणाला. त्याला कितपत कळलं देव जाणे. माणूस भाबडा आहे, पण पोटात ठेवणारा आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार
९१, ९०.

पहिला दिवस पार पडला. गेणबाने फोनवर नंबर वाचला. इंग्रजी आकडे त्याला येतात, पण एकेक वाचायची सवय नाही, जोड्या पाडतो. "चवऱ्याऐंशी, तीस, सतरा, एकुणसाठ, वर यक पाच." मी लिहून घेतला आणि पडदा उघडला. चार चौकोन, चारी हिरवे. उठून दाराची कडी लावून आलो. चोरी कधी केलेली नाही.

एक अडचण आहे. आमच्या घरात फोन कुठेही लागतो, पण इंटरनेटची रेंज फक्त पूर्वेच्या खिडकीत येते. जाईची कॉट पश्चिमेच्या भिंतीला, कारण ऑक्सिजनच्या मशीनचं बटण तिथे आणि नळी आखूड. तेव्हा खिडकीत टेबल मांडलं. माझी पाठ तिच्याकडे येते, पण एकाच खोलीत आहोत, हाक मारली की मी आहेच.

२ सप्टेंबर, मंगळवार
९०, ८९. बोटं गार असली की आकडा कमी येतो असं ऐकलंय.

जाई म्हणाली, "तुमच्या पाठीसंगच बोलतीया मी."

म्हटलं, "ऐकतोय ना."

"काय म्हनले सांगा."

सांगता आलं नाही. दोन नंबरची भट्टी चढत होती, लक्ष तिकडे होतं. ती हसली, मग खोकली आणि पाच मिनिटं खोकतच राहिली. पाणी दिलं. परत येऊन बसलो तोवर दोन नंबर लाल झालेली. घाईने गेणबाला फोन लावला, तर म्हणाला, "उतरवली की मगाच." तरी मी इथून परत एकदा दोन अंश कमी केले. खात्री असलेली बरी.

दुपारी तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "मला बी दावा काय असतंय त्यात." लॅपटॉप उचलून कॉटपाशी नेला तर रेंज गेली. मग टेबल थोडं तिरकं केलं. आता तिला पडल्या पडल्या माझ्या खांद्यावरून पडदा दिसतो. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे गडबड, एवढं तिने शिकून घेतलं. संध्याकाळपर्यंत मधूनमधून विचारत होती, "हिरवं हाय नव्हं?" तिलाही विरंगुळा झाला.

७ सप्टेंबर, रविवार
८९, ८९.

दिशा आली होती. आईचं डोकं विंचरलं, मऊ भात भरवला. जाताना दारात मला म्हणाली, "पप्पा, किती दिवस असं चालवणार? रजा घ्या ना सरळ. बिनपगारी घ्या."

सांगितलं, रजेवर गेलो की माझ्या जागी दुसरा माणूस बसवतील, तो महिन्यात तयार होईल, मग मला कोण विचारतंय? गरज सरो वैद्य मरो, कारखान्याचा न्यायच तो. आणि विमा?

"विम्यानं आता काय होणारेय पप्पा?" म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसले. तिला हिशोब कळत नाही. पुढे ऑपरेशन निघालं, परत ॲडमिट करावं लागलं, तर? माणसाने पुढचं बघायला हवं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
८८. संध्याकाळचा आकडा घ्यायचा राहिला.

आज मेलोच होतो. निरंजनसाहेब न सांगता जुन्या शेडात आले. पोरगेलासा मॅनेजर आहे, वर्ष झालं येऊन. गेणबाने शहाणपणा केला, माझा फोन आलेला तसाच चालू ठेवून खिशात टाकला. मला सगळं ऐकू येत होतं.

"जयसिंगराव कुठेत?"

"मागं गेल्यात, पान्याच्या टाकीकडं. पोट बिगाडलंय त्यांचं सकाळधरनं."

मी इथे माल्यात खिडकीत बसून घामाघूम. पडद्यावरचा माझा बाण हलवायची छाती होईना. पेनड्राइव्ह पुढेच खोचलेला होता, त्याचा निळा दिवा लुकलुकतो. साहेब कॉम्प्युटरपाशी आले असणार, कारण गेणबा म्हणाला, "बसा की साहेब, हितं बसा, च्या सांगतो." नंतर कळलं, त्याने डोक्यावरची टोपी काढून कॉम्प्युटरच्या पेटीवर ठेवली होती, बरोबर दिव्यावर. साहेब दहा मिनिटं बसले, चारी चौकोन हिरवे बघितले, गेले.

फोन ठेवल्यावर जाईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ धापा टाकत हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "झाकली मूठ हाय ती. कुनाम्होरं उघडू नका. त्या काडीपायी नोकरी जाईल तुमची." कंपनीचे नियम आता तिला माझ्याइतकेच पाठ झालेत.

मग म्हणाली, "ह्या वर्साला माळ्यावरनं पाट काढायचा ऱ्हायला. खंडेनवमीला लागंल." अजून जवळजवळ तीन आठवडे आहेत म्हटलं. दर वर्षी खंडेनवमीला ती माझे पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर धुऊन पाटावर मांडते आणि हळदकुंकू वाहते. लग्न झाल्यापासून एकदाही चुकलं नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार
८७. दुपारचं खाली लिहितो.

सकाळी अकराला वीज गेली. पौडच्या अलीकडे झाड पडलं म्हणे. इन्व्हर्टर होता, पण ऑक्सिजनचं मशीन वीज फार खातं. छोटा सिलिंडर पौडला भरायला दिलेला, तो उद्या मिळणार. दोन वाजता इन्व्हर्टर ओरडायला लागला. माझ्या लॅपटॉपची बॅटरी जुनी आहे, वायर काढली की तो बंद पडतो. आणि तीन नंबरमध्ये नवीन माल, पहिला अर्धा तास फार जपावं लागतं.

जाई म्हणाली, "माजं बंद करा थोडा येळ. गप पडून ऱ्हाते. तुमचं चालू द्या."

मी नको म्हणालो. ती परत म्हणाली. तेव्हा वीस मिनिटं तिचं मशीन बंद ठेवलं. वीसच, घड्याळ लावून. आकडा ७९ वर गेला. ओठ जरा निळसर वाटले. मग वीज आली, मशीन सुरू केलं, अर्ध्या तासात ८६ झाला. म्हणजे फार काही बिघडलं नाही. तिनेच सांगितलं होतं, माझ्या मनात नव्हतं. दिशाला हे सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. म्हणजे मी ठरवलं, जाई काही बोलली नाही.

तीन नंबरचा माल वाचला. गेणबाला अभिमानाने फोन केला. तो म्हणाला, "तुमची लाइन मधीच जराशी गेल्याली दिसली, म्हनून म्या हातानंच कमी केलं व्हतं साहेब. वासावर कळतंय ना." म्हणजे दोघांनीही केलं.

जाई संध्याकाळभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. दमली असणार.

२३ सप्टेंबर, मंगळवार
८६, ८५.

काल घट बसले. जाईला उठवत नाही, म्हणून मीच परडीत माती घालून धान्य पेरलं. ती पडल्या पडल्या सूचना देत होती, पाणी थोडं, पाणी थोडं.

आज भाजी आणायला फाट्यावर गेलो होतो. आलो तर ती फोनवर बोलत होती. मला बघून "ठेवते भावजी" म्हणाली. कोण होतं विचारलं तर म्हणाली, गेणबा. घरच्या घटाची चौकशी करायला फोन केलेला, आणि खंडेनवमीचं काहीतरी. बोलताना दम लागतो तरी बायकांना सणवारांचं बोलल्याशिवाय चैन पडत नाही. तिला म्हटलं, गेणबाचा फोन कामाचा असतो, गुंतवून ठेवू नकोस. ती म्हणाली, "न्हाई ठेवनार परत."

२८ सप्टेंबर, रविवार
८४. बोटं गार होती. चोळून घेतला तर ८५.

जाईने विचारलं, "नोकरी नसती तर दिसभर काय केलं असतं वो तुमी?"

म्हटलं, "तुझ्याजवळ बसलो असतो."

"आत्ता बी बसलाय की."

"मग?"

"काय न्हाई." मग म्हणाली, "लाल झालं बगा एक नंबर."

झालं नव्हतं. डोळेही थकलेत तिचे.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

सगळं संपलं. आकडे घेतले नाहीत.

सकाळी शेडात गेलो. खंडेनवमीला भट्ट्या थंड ठेवतात, दहाला पूजा, मग पेढे, सुट्टी. मुख्य कारखान्यातून निरंजनसाहेब आणि हेड ऑफिसचे दोघे येणार होते. मी पलीकडे भट्ट्यांना हार घालत होतो. परत आलो तर गेणबाने बाकड्यावर पाट मांडलेला. पाने, पकडी, मापं, वजनकाटा, सगळं पुसून लखलखीत. झेंडूची फुलं. आणि पाटाच्या मधोमध विड्याच्या पानावर माझा पेनड्राइव्ह. त्यावर हळद, त्यावर कुंकू, वर दोन अक्षता.

मी पुढे सरकलो, पण साहेबलोक आत आलेच होते.

निरंजनसाहेबांनी नमस्कार केला आणि वाकून बघितलं. "हे काय आहे?"

गेणबा हात जोडून म्हणाला, "आमच्या साहेबांचं हत्यार. ह्याच्या जोरावर माल्यास्नं भट्ट्या चालवत्यात. सव्वा म्हयना झाला, एक माल वाया न्हाई."

असा मूर्ख माणूस मी जन्मात बघितला नाही. तोंड उघडायचं तेही एवढ्या कौतुकाने! हेड ऑफिसच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांची नजर भिंतीवरच्या लाल पाटीकडे गेली. आरती मात्र पूर्ण झाली. मी टाळ्या वाजवल्या. नंतर निरंजनसाहेबांनी पेनड्राइव्ह उचलून हळदकुंकवासकट पाकिटात घातला, पाकिटावर माझं नाव आणि वेळ लिहिली. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. एवढंच हळू आवाजात म्हणाले, "जयसिंगराव, मला विचारायचं तरी." त्यांनी पेढा दिला, तो हातात धरूनच घरी आलो.

गेणबा मागे धावत आला होता, "साहेब, ऐका तरी." मी मोटरसायकल थांबवली नाही. एकोणतीस वर्षं त्याच्या बाकड्यावर बसून भाकरी खाल्ली. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे गेणबाने नेलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पत्र आलं. निलंबन. चौकशी वीस तारखेला. विम्याबद्दल पत्रात काही नाही, ऑफिसात फोन केला तर कुणी धड बोलेना.

जाईला परवा सांगितलं तेव्हा वाटलं होतं, रडेल. ती म्हणाली, "असू द्या." मला चीड आली. म्हटलं, "असू द्या काय? हे सगळं कुणासाठी केलं?" ती म्हणाली, "माज्यासाठी. ठावं हाय मला." आणि मग, "आता ती खुर्ची हिकडं फिरवा."

आज खुर्ची फिरवली. टेबल खिडकीतून काढून टाकलं, नुसतं कशाला अडवायचं? लॅपटॉप कपाटात ठेवला.

४ ऑक्टोबर, शनिवार

लिहिण्यासारखं काही नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

विशेष काही नाही. आकडा आता घेत नाही. जाई म्हणाली, नका लावू ते, बोट दुखतंय. चौकशीत काय बोलायचं त्याचा कागद लिहायला घेतला, दोन ओळींच्या पुढे गेला नाही. गेणबाचे सात फोन येऊन गेले, उचलले नाहीत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

जाई गेली. सकाळी पावणेसातला.

मी जवळ होतो.

२६ ऑक्टोबर, रविवार

काल तेरावा झाला. यंदा दिवाळी नव्हतीच. दिशा आज सकाळी भूगावला गेली, मूल आजारी आहे. चौकशी पुढे ढकललीय. निरंजनसाहेबांचा निरोप आहे की स्वखुशीने निवृत्ती घेतो असं लिहून दिलं तर प्रकरण मिटवतील. देईन लिहून. आता कुणासाठी भांडायचं.

दुपारी गेणबा आला. दारातच उभा राहिला. मी "ये" म्हटलं नाही, तरी थोड्या वेळाने आत येऊन खाली बसला. पाणी दिलं. दुःखाच्या घरी आलेल्या माणसाला हाकलता येत नाही.

विचारायचं म्हणून विचारलं, भट्ट्यांवर आता कोण आहे.

"मीच हाय. दुसरा बसिवला न्हाई कुनी."

"आणि कॉम्प्युटर?"

"त्यो बगत न्हाई म्या. वास घेतो रबराचा. पयल्यापास्नं तसंच करतुया." मग खाली बघून म्हणाला, "तुमी बाण हलवायचा, तवर म्या खटका फिरवल्यालाच असायचा. पर तुमास्नी कशापायी सांगू? तुमाला तेवढाच धीर."

सव्वा महिना मी या खिडकीत बसून काय चालवत होतो, ते आज कळलं.

मग त्याने खिशातून रुमाल काढला. रुमालात पेनड्राइव्ह. साहेबांनी तपासून परत दिला, म्हणाला. पेनड्राइव्हच्या तोंडात अजून कुंकू भरलेलं होतं, पुसलं तरी निघत नाही.

मी म्हणालो, "गेणबा, का केलंस असं? माझं काय वाकडं होतं तुझ्याशी?"

त्याने रुमालाची घडी घातली. "वहिनींनी शपथ घातली व्हती. आता त्या न्हाईत, म्हनून सांगतो. घटाच्या दुसऱ्या दिशी फोन केला मला. म्हनल्या, भावजी, यंदा मला उठवत न्हाई, ह्यांच्या हत्याराला हळदकुकू तुमी व्हा. मी म्हनलं, व्हातो की, कोपऱ्यात गुपचूप व्हातो. तर म्हनल्या, कोपऱ्यात नगं. साहेबलोक आल्यावर पाटावर मधी मांडा. आन् काय हाय ते सांगा."

मी म्हणालो, "तिला समजलं नसेल."

"म्या बी तसंच म्हनलं. वहिनी, अवो नोकरी जाईल त्यांची, इमा जाईल. तर म्हनल्या, इमा माज्यासाठीच हाय नव्हं? मग मलाच नगं त्यो. म्हनल्या, नोकरीची चार वर्सं ऱ्हायलीत ह्यांची. मला चार वर्सं हायेत व्हय, भावजी?"

गेणबा रडायला लागला. मला रडू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, झाकली मूठ हाय, कुनाम्होरं उघडू नका. कुठे बोट लावलं की मूठ उघडते हे तिला मीच सांगितलं होतं. ती वीस मिनिटंही आठवली. अठरा तारखेला ती भिंतीकडे तोंड करून पडली, आणि तेवीसला तिने फोन केला.

गेणबाला चहा करून दिला. जाताना त्याने कॉटकडे बघून हात जोडले. मी म्हणालो, "बरं केलंस."

तो गेल्यावर ही डायरी काढली. आधीची पानं वाचली. भट्ट्यांचं किती लिहिलंय, कुठली लाल झाली, किती अंश उतरवले, साहेब कधी आले. आणि तीन ऑक्टोबरच्या पुढे, जाई आणि मी समोरासमोर बसलो होतो त्या दिवसांत, लिहिण्यासारखं काही नाही. विशेष काही नाही. बाकीची पानं कोरी. तिने माझी नोकरी मोडून ते दिवस घेतले आणि मी ते लिहिलेसुद्धा नाहीत. मला स्वतःची लाज वाटते. आठवेल तसं आता त्या त्या पानावर लिहून काढायला बसलोय.

चार तारखेला तिने वालाच्या शेंगा मागितल्या. तिला सोलवत नव्हत्या, मी सोलल्या, ती दाणे मोजून वाटीत टाकत होती.

पाच तारखेला रविवार, दिशा आली होती. तिघांनी मिळून जेवलो. जाईने दोन घास जास्त खाल्ले.

सहाला ती म्हणाली, "तुमचा कान केवढा मोठा हाय वो, कदी बगितलाच न्हवता." कोजागरी होती, तिन्हीसांजेला दूध आटवलं, साय तिला दिली.

आठला तिचं डोकं मी विंचरलं. मला भांग पाडता येत नाही. आरशात बघून म्हणाली, "कडंला गेला, ऱ्हाऊ द्या."

नऊला आमच्या लग्नातलं भांडण निघालं, मांडवात तिच्या मामाला पान मिळालं नव्हतं ते. तिचंच खरं होतं, कबूल केलं.

दहाला कॉट दारापर्यंत ओढली, नळी जेवढी पुरली तेवढी. भाताच्या लोंब्या पिवळ्या झालेल्या तिने बघितल्या.

अकराला आणि बाराला ती जास्त झोपलेलीच होती. मी समोर बसून होतो. मधे डोळे उघडून "हाय का?" म्हणायची, मी "आहे" म्हणायचो.

सात तारखेचं काही केल्या आठवत नाही. मंगळवार होता. दिवसभर मी त्याच खुर्चीत होतो, ती समोर होती, काहीतरी बोललोच असणार. संध्याकाळपासून आठवतोय. त्या पानावर नुसती तारीख लिहून ठेवली आहे.